काकूंनी बटण फिरवलं तेव्हा

मी एक स्वस्तातला इअरफोन बोलतोय. जरा हळूच बोलतोय, पण तो माझा स्वभावच आहे. त्या स्वभावापायी माझ्यावर काय वेळ आली होती, तेच तर सांगायचंय.

तसे आम्ही दोघं आहोत, एक डावा आणि एक उजवा. पण एकाच वायरीला लागलेले, एकाच डबीत झोपणारे, तेव्हा 'मी' म्हटलेलं चालतं. मंचावर गाणाऱ्याला त्याचाच आवाज कानात ऐकवायचा, हे आमच्या घराण्याचं काम. आमचे श्रीमंत भाऊबंद गायकाच्या कानाचा साचा घेऊन घडवले जातात. मी आपला तयार मापाचा, काळ्या प्लॅस्टिकचा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेल्या एका बाईंनी केसाहून बारीक तार माझ्या पोटात जोडली. दिवसभरात त्या कितीतरी जोड्या हातावेगळ्या करत, तरी प्रत्येक जोडी स्वतःच्या कानात घालून तपासत. माझ्या वेळी त्या क्षणभर थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, किती स्वच्छ बोलतोय!" ती माझी पहिली शाबासकी. पुढे बराच काळ मला तिच्यावरच भागवावं लागलं.

मला विकत घेतलं साउंडवाल्या काकांनी. गाण्याच्या कार्यक्रमांना स्पीकर लावायचे, माइक जोडायचे आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांचे आवाज सांभाळायचे, हे ते तीस वर्षं करत होते. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं कारखानावजा दुकान. खुर्चीवरची वायरींची भेंडोळी उचलल्याशिवाय पाहुण्याला बसता येत नसे.

मला आणलं ते ताईसाठी. ताई म्हणजे काकांच्या ग्रुपची गायिका. तिच्या पाठीमागे तिचाच सख्खा भाऊ ड्रम बडवायचा, आणि त्या दणदणाटात तिला स्वतःचा आवाज ऐकूच यायचा नाही. मग ती ताणून गायची, अक्षरशः ओरडायची. घशाच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी काही महिने असं ओरडलात, तर गाणं कायमचं सोडावं लागेल."

"भावाला हळू वाजवायला सांग ना," काकू म्हणाल्या होत्या.

"सांगितलं. दोन मिनिटं ऐकतो, मग अंगात येतं त्याच्या," ताई म्हणाली. हसली, पण घशाला हात लावूनच.

कानाच्या साच्याचे ते महागडे इअरफोन परवडणारे नव्हते. म्हणून काकांनी माझ्यासकट पाच स्वस्त जोड्या मागवल्या आणि आमची परीक्षा घ्यायचं ठरवलं. शनिवारी मोठा कार्यक्रम होता.

काकांची परीक्षा बघण्यासारखी होती. "माझ्याकडे वशिला चालत नाही," असं म्हणत त्यांनी अॅम्प्लिफायरच्या बटणाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. पाचही जोड्यांना बटण त्याच खुणेवर. गाणंही एकच, ताईचंच, रेकॉर्ड केलेलं. डोळे मिटून ते प्रत्येक जोडी पुन्हा पुन्हा ऐकत. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी त्यांना पत्ता नाही. इतकं मन लावून कोणी ऐकतं, हे बघून मी तर भारावून गेलो.

माझे प्रतिस्पर्धीही काही लेचेपेचे नव्हते. चंदेरी जोडीत 'स' हे अक्षर जरा टोचायचं, पण तिच्यात झांजेचा किणकिणाट काय सुरेख वाजायचा! निळी गोड गायची, फक्त कानात टिकायची नाही. राखाडीबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि लक्षात राहावं असंही काही नव्हतं. आणि लाल जोडी! तिचा ठोका थेट छातीत बसायचा. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा तिचा हेवा वाटला.

मग माझी पाळी. मी जीव ओतला. काका म्हणाले, "हा जरा मेंगळट वाटतो."

ताईनेही लालच पसंत केली. "एकदम भरल्यासारखं वाटतं, काका!" माझी रवानगी खणात झाली, जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी. मला फार वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी ताईचा आवाज खणात ऐकू आला, आणि तो तिचाच आहे हे मला आधी ओळखूच आलं नाही. पार बसला होता.

"काका, सराव केला काल. त्या लाल जोडीत ड्रम इतका घुमतो की मी कुठे आहे तेच कळत नाही. मग मी पुन्हा ओरडले."

"ड्रम कमी करून बघितला मी."

"तरी घुमतोच." मग ती म्हणाली, "शनिवारचं रद्द करू या का? आणि नंतरचंही... मला दुसरं काही येत नाही हो, काका."

 ती गेल्यावर काका लाल जोडी घेऊन बटणांशी खटपट करत बसले.

दुपारी काकूंना कपड्यांना इस्त्री करताना काहीतरी ऐकायचं होतं. त्यांनी खण उचकला, हाताला मी लागलो. त्यांनी मला अॅम्प्लिफायरला जोडलं आणि ताईचं तेच गाणं लावलं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. नीट ऐकू येईना, म्हणून बटण चिकटपट्टीच्या पुढे फिरवलं.

"अहो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "शेवटच्या ओळीआधी ही किती दमून श्वास घेते! ऐकवत नाही बिचारीचं."

"कसला श्वास?" काका म्हणाले.

"ऐका की. इतका स्पष्ट येतोय."

काकांनी मला कानात घातलं. शेवटच्या ओळीपाशी त्यांचे डोळे उघडले. "आवाज किती ठेवलायस?"

"मला ऐकू येईल इतका. तुमच्या त्या पट्टीवर हा नुसता पुटपुटतो."

काका उठले. आवाज मोजायचं छोटं यंत्र काढून त्यांनी आम्हा पाचही जणांचा आवाज सारखा होईल असं बटण प्रत्येकासाठी वेगळं लावलं. मला ताकद जरा जास्त लागते, म्हणून त्या खुणेवर मी हळू बोलत होतो आणि लाल मोठ्याने. माणसाच्या कानाची खोडच अशी, की जो मोठ्याने बोलतो तो त्याला चांगला वाटतो. सगळे एका पातळीवर आले आणि चित्र पालटलं. ताईचा आवाज ड्रमच्या पुढे, वेगळा, अगदी जवळ उभा राहिला तो माझ्यात.

काकांनी लगेच ताईला फोन लावला. "अगं, चूक माझी झाली. बटण सारखं ठेवलं म्हणजे न्याय झाला, असं समजलो मी. कार्यक्रम रद्द करू नकोस. आजपासून एक सूरही काढायचा नाही, शनिवारपर्यंत तोंड बंद."

तीस वर्षं कानांवर पोट भरलेला माणूस, आणि किती सरळ बोलला! त्या दिवसापासून मला काकांचा आदर वाटतो.

"शोध कोणी लावला तेही सांगा," इस्त्री फिरवत काकू म्हणाल्या. तेही त्यांनी सांगितलं.

शनिवारी मी ताईच्या कानात होतो. मागे भावाच्या अंगात आलं होतंच. पहिल्या ओळीला तिने सवयीने मान ताणली आणि मध्येच सैल सोडली. तिला स्वतःचा आवाज सापडला होता. मग ती ओरडलीच नाही. जी शेवटची ओळ एरवी किंचाळून म्हणायची, ती तिने इतकी हलकेच म्हटली की भावानेही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काड्या खाली ठेवल्या.

मंचामागे येऊन तिने मला काढलं, रुमालाने पुसलं. "काका, मला घसा आहे हे आज आठवलंच नाही."

काका आधीच गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळू लागले.

याला दोन वर्षं झाली. डॉक्टर आता ताईला सहा महिन्यांतून एकदाच बोलावतात. माझी वायर घामाने ताठरली आहे, कानात बसणारी रबरं तीनदा बदलली. लाल जोडी काकूंकडे आहे. तिच्या ठेक्यावर इस्त्री झपाझप होते म्हणे. काकांनी चिकटपट्टी काढून टाकली, तिच्या जागी स्वच्छ चौकोन उरलाय.

तुम्हीही कधी आमची तुलना करायला बसाल. जरूर करा. फक्त निकाल देण्याआधी हळू बोलणाऱ्यासाठी बटण थोडं फिरवा, एवढंच मागणं आहे.

आता निघतो. ताईने डबी उघडली आहे, बाहेर लोक बसले आहेत. पहिल्या ओळीआधी ती श्वास घेईल, आणि तो तिला ऐकवायचाय.