आभाराची पाच मिनिटं

सान्वीला मिळण्यासारखं होतं पुढच्या भीमजयंतीचं मुख्य भाषण. घालवण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. विलासकाकांकडे होतं, पण ते जाईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नाही. म्हणून तर अट घालताना ते इतके उदार झाले.

इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या आमच्या मंडळात मुख्य भाषण विलासकाकांचं, हे हॉलच्या बुकिंगइतकंच पक्कं. ते "दोनच शब्द बोलतो" म्हणत उठले की जाणकार मंडळी कोट मांडीवर पसरून घेतात. आभार मात्र कुणातरी पोराच्या गळ्यात पडतात, कारण तोवर खुर्च्या सरकलेल्या असतात आणि जेवण वाढणाऱ्या सिंधुबाईंनी वरणाच्या पातेल्याचं झाकण काढलेलं असतं.

"काका, या वर्षी भाषण मी करू?" शाळेत लॅटिन शिकणाऱ्या सान्वीने कमिटीसमोर विचारलं होतं.

"तुझं मराठी ऐकून लोक पळतील, बाळ."

"माझा मराठी वीक आहे, पण..."

"बघ! तू आभार मान. लोक जेवण सोडून ऐकत बसले, तर पुढच्या वर्षी भाषण तुझं."

जयंतीला काकांचे दोन शब्द संपले तेव्हा कार पार्कमधले दिवे लागले होते. झाकण निघालं, रांग लागली. सान्वी माइकपाशी आली.

"जय भीम. लॅटिनमध्ये लोक्वी म्हणजे बोलणं. त्यातून आला इलोक्वंट, छान बोलणारा. लोक्वेशस, खूप बोलणारा. आणि सोलिलोक्वी, म्हणजे एकटाच बोलत राहणं. विलासकाका, थँक यू. यातला तुमचा कुठला, ते तुम्हीच ठरवा."

रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या अतुलच्या हातातली प्लेट हसण्याने हलायला लागली. काकाही हसले. त्यांना वाटलं, संपलं.

"आणि इन्फंट. ज्याला बोलता येत नाही तो. बाळ. काका, मी अठरा वर्षांची आहे. तरी मला तुम्ही बाळ म्हणता, स्टेजवर फक्त फुलं द्यायला बोलवता. अ‍ॅडव्होकेट म्हणजे मदतीला बोलावलेला माणूस. ज्यांना कुणी बोलू देत नव्हतं, त्यांच्यासाठी बाबासाहेब उभे राहिले. मग त्यांच्याच जयंतीत आम्ही गप्प का?"

सिंधुबाईंनी पळी खाली ठेवली. झाकण उचललं आणि पातेल्यावर परत घातलं.

"बसा रे सगळे. पोरगी बोलतेय."

बसलो. रिकाम्या प्लेटा मांडीवर घेऊन, अख्खा हॉल.

सान्वीने माइक जवळ ओढला. "लास्ट वन. व्हर्डिक्ट, म्हणजे खरं बोलणं. तो तुम्ही द्यायचा."

टाळ्या थांबेनात. शेवटी सिंधुबाईच ओरडल्या, "विलासराव, बोला की आता!"

काका उठले. घसा खाकरला. सवयीने आमचे हात कोटांकडे गेले.

"दिलं," काका म्हणाले, आणि बसले.

तर एकूण जमाखर्च असा: भाषण सान्वीला, पुढच्या वर्षीचे आभार विलासकाकांना, आणि गार वरण आम्हा सगळ्यांना. कुणीही तक्रार केली नाही.