वडाचा खुराक

संत तुकाराम नगरातल्या कंपनीच्या त्या कॉलनीत सगळं होतं, वड तेवढा नव्हता. वटपौर्णिमेला बायका बाजारातून आणलेली फांदी कुंडीत खोचून तिलाच सूत गुंडाळायच्या. चारुलताला ते काही पटेना. सात जन्म तोच नवरा मागायचा, त्याला दीर्घायुष्य मागायचं आणि तेही झाडाची फांदी तोडून, हे कसलं व्रत! तिने पुढाकार घेऊन मैदानाच्या कडेला वडाचं रोप लावलं, बहात्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलं. आता ते तिच्या खांद्याला लागत होतं आणि यंदाची पूजा इथेच, असं ठरलं होतं.

तिचा नवरा अनंत टूलरूममध्ये इंजिनिअर. देवाधर्माचं नाव काढलं की हसणारा माणूस. पण वैशाखात वडाची दोन पानं पिवळी पडली आणि त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या गुरुदत्तला कावीळ झाली.

"आता पुढचं पान कोणाचं, ते बघायचं," चारुलता भाजी निवडता निवडता म्हणाली.

तिने गंमत केली, पण अनंतने ती मनावर घेतली. त्या दिवसापासून कामावर निघताना तो आधी आरशात स्वतःची जीभ बघायचा आणि मग वडाची पानं.

शेवटी त्याने कंपनीतल्या अर्जुनरावांना गाठलं. अर्जुनराव काळेवाडीचे, शिफ्ट संपली की घरचा ऊस बघणारे. त्यांनी डबाभर युरिया दिला. मूठभर घाला, वर पाणी पाजा आणि फार बोभाटा करू नका, म्हणाले. अनंतने पहिल्या शिफ्टला निघताना गुपचूप मूठ टाकली. थोड्याच दिवसांत काय ती पालवी! हिरवीगार, तळव्याएवढी पानं. चारुलता हरखली, गुरुदत्तची कावीळ उतरली आणि अनंतला दोन पोळ्या जास्त जाऊ लागल्या. माणसाने इथे थांबावं की नाही? पण मुठीने एवढं होतं तर दोन मुठींनी किती, हा विचार काही त्याला गप्प बसू देईना.

पौर्णिमा आठवड्यावर आली आणि पानांच्या कडा करपल्या. भाजलेल्या पापडासारखी वळून पानं गळायला लागली. चारुलता ती वेचायची आणि पदरात घेऊन घरात यायची. तिचे डोळे बघून अनंतला भरून यायचं. आपण मरू, याच्यापेक्षा तिचं झाड मरेल, हे त्याला जास्त लागत होतं. खतच कमी पडलं असणार, असं ठरवून तो पहाटे डबा घेऊन मैदानात गेला. बघतो तर वडाच्या बुंध्याशी गुरुदत्त उकिडवा बसलेला, हातात डबा. मागून तळमजल्यावरचे मारुतराव येत होते, त्यांच्याही हातात डबा.

सगळा घोळ उघडा पडला. कॉलनीतला एकूण एक नवरा स्वतःच्या आयुष्यासाठी त्या एवढ्याशा झाडाला चोरून खत चारत होता आणि प्रत्येकाला ते अर्जुनरावांनीच दिलं होतं. अनंतने त्यांना कंपनीच्या गेटवरच धरलं.

"आवो, मला वाटलं, परत्येकाचं येगळं झाड हाय," अर्जुनराव कपाळाला हात लावून म्हणाले. "आता निस्तं पानी पाजा. मुळातलं सगळं धुऊन जाऊ द्या. न्हाईतर वड गेला म्हणून समजा."

मग ज्यांनी घरात कधी तांब्या भरला नव्हता, ते नवरे बादल्या घेऊन नळाला रांगेत उभे राहिले. बायकांना संशय यायला तेवढं पुरे होतं. चारुलताने अनंतला समोर बसवलं आणि त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. ती उठली आणि बादली घेऊन तडक वडाकडे गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला झालं.

पौर्णिमेच्या सकाळी वडावर मोजकी पानं उरली होती, पण शेंड्याला एक कोवळा कोंब फुटला होता. बायका नटूनथटून जमल्या, नवरे लांब घोळका करून उभे राहिले. चारुलताने वडाला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, सुताची गुंडी उचलली आणि फेरे घालायचं सोडून तरातरा अनंतसमोर आली.

"हात पुढे करा."

त्याने केले. तिने त्याची दोन्ही मनगटं जवळ घेतली आणि सगळ्यांदेखत त्यांना करकचून सूत गुंडाळायला लागली.

"सात जन्मांचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी माझ्या वडाला श्रावण बघू द्या."

अनंतने मान वर केली. बाकीच्या बायकाही आपापलं सूत घेऊन निघाल्या होत्या आणि गुरुदत्त जिन्याकडे पळत सुटला होता.