मेव्हिसची पेटी

"तो दोरखंड शनिवारपर्यंत घरातून गेला पाहिजे," रस म्हणाला. "नाहीतर दोघंही चालते व्हा, तू आणि तो."

"तो नाही, ती. सहा वर्षं झाली, एवढं तरी शिक."

"स्वतः शाळेत टिकला नाहीस आणि मला शिकवतोस?"

"तुला काय येतं? उसाची गाडी पुढे न्यायची आणि मागे आणायची. खाली रूळ आहेत म्हणून, नाहीतर रोज शेतात घातली असतीस."

रसने हातातला चिमटा ओट्यावर आपटला. सॉसेज उलटायचा लांब चिमटा. हल्ली कधीही बघावं तर तो त्याच्या हातात.

"दोरखंड नाही, अजगर आहे ती. आणि आईची आहे," मी म्हणालो.

"होती."

हे त्याने बोलायला नको होतं. मी चहाचा मग भिंतीवर फेकला. त्याचाच मग होता.

रस माझा बाप नाही. आईचा माणूस. आई मार्चमध्ये गेली आणि या घरात आम्ही दोघं उरलो, एकमेकांचे कोणी नसलेले. तो साखर कारखान्याची उसाची रेल्वे चालवतो. गळीत हंगाम चालू आहे, त्याची पाळी दुपारी दोनची. मी सकाळी मासे तळायच्या दुकानात बटाटे सोलतो. मी दुपारी घरी येतो तेव्हा तो निघायच्या बेतात असतो. जेवढी गाठ पडते तेवढी भांडायला पुरते.

मेव्हिस मागच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात असते. सात फूट, अंगावर जुन्या गालिच्यासारखी नक्षी. आई तिला गळ्यात घालून रसच्या मागे लागायची, "ये की, पापी दे तिला," आणि हा सहा फुटी माणूस अंगणात पळायचा. सापाला तो इतका घाबरतो की व्हरांड्यातला फ्रिजसुद्धा मला उघडायला लावतो.

मेव्हिसची अंडी आईला किती वर्षांपासून हवी होती. शेजारच्या बेवकडे नर आहे. यंदाच्या थंडीत, म्हणजे इकडच्या जून-जुलैत, दोघांना एकत्र ठेवायचं हे आईने आणि बेवने आधीच ठरवलं होतं. आई थंडीपर्यंत राहिली नाही. मी ठेवलं.

बेव तीस वर्षं साप पाळतेय. तिने बजावलं होतं, "कोबी पोरा, कात टाकली की वीसेक दिवसांनी अंडी घालते, दिवस मोज. हात अजिबात लावायचा नाही. ती उताणी पडेल, पोट उबेच्या दिव्याकडे करून. पोटातली अंडी शेकते ती, तेव्हा घाबरून नाचू नकोस. आणि पाण्याचं भांडं लहान ठेव. तिला बसता येईल एवढं ठेवलंस आणि अंडी घालायची पेटी तिला आवडली नाही, तर ती पाण्यात घालेल. सगळी बुडून मरतील."

मी सगळं केलं. पेटीत ओलं शेवाळ भरलं, भांडं लहान ठेवलं. पण रोज दुपारी येऊन बघतो तर मेव्हिस पालथी, काचेवर वरखाली करतेय. पेटीत जायचं नावच नाही. आणि त्या दिवशी, कात टाकल्यापासून अठराव्या दिवशी, आत मोठं भांडं आणि ती त्यात वेटोळं घालून बसलेली. मी आधीच चिडलो होतो तो त्यावरून.

"मोठं भांडं कोणी ठेवलं?" फुटलेल्या मगच्या तुकड्यांवर उभा राहून मी विचारलं.

"मी."

"का?"

"तहानली असेल म्हणून."

"तू कपाट उघडलंस? तू?"

"रोज उघडतो." तो चिमट्याकडे बघत होता. "रोज सकाळी मेलेली असते ती. पोट वर. मी सरळ करतो. मग हलते."

त्या चिमट्याने भाजलेले सॉसेज मी आठवडाभर खात होतो, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं.

"मग शनिवारपर्यंत काढ कशाला म्हणतोस?"

"एक दिवस सरळ करीन आणि ती हलणार नाही. तू दुकानात असशील, मी इथे असेन. परत नाही बघायचं मला ते."

आई गेली तेव्हा मी दुकानात होतो, घरी रस होता.

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "गाढवा, ती मरत नव्हती. अंडी शेकत होती. मारत होतास तू."

तो न जेवता कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी येतो तर हा मागच्या पायरीवर, गुडघ्यात आईची निळी बर्फाची पेटी धरून करवत चालवतोय. बर्डेकिन नदीवर बारामुंडी मासे धरायला जाताना न्यायची ती. झाकणावर तिच्या हाताने लिहिलेलं, 'ट्रेसीची आहे, हात लावू नका.' बाजूला भलंमोठं भोक पाडलेलं.

मी त्याची कॉलर धरली. "तुला दुसरं काही मिळालं नाही कापायला?"

त्याने माझा हात काढला नाही. "बेव म्हणाली, तुझी पेटी फार मोठी आहे. तिला चहूबाजूंनी अंग टेकायला लागतं. ही बरोबर बसते." मग भोकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. "कानस मारलीय. खरचटणार नाही."

मी शेवाळ भरलं, पेटी आत ठेवली, मोठं भांडं बाहेर काढलं. मेव्हिसने दोनदा जीभ लावून बघितलं आणि आत गेली. शेपूट आत जायला बराच वेळ लागला. रस दारात उभा राहून बघत होता.  

आज एकविसावा दिवस. दोन वाजून गेलेत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय, माफीबिफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. रस कामावर गेलेला नाही. कामाचा नारिंगी शर्ट घालून, बुटांच्या नाड्या बांधून व्हरांड्यात कपाटासमोर स्टूलवर बसलाय. चिमटा दोन्ही हातांत, पण कपाटाला हात लावत नाहीये.

"कोबी," तो आत्ता हळूच म्हणाला. "ती अंग आवळतेय. हे असंच असतं का?"

बास. मला जायला हवं.