तिसरी पायरी

गणित मंडळाच्या स्मृतिव्याख्यानाला पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची वहिनींची असे. व्याख्यानमाला दिवंगत सरांच्या नावाची, आणि वहिनी सरांच्या पत्नी. त्यांनी स्वतःही उभा जन्म गणितच शिकवलं, हे कुणी नाकारत नव्हतं, पण कुणी विषयही काढत नव्हतं.

यंदाचं व्याख्यान मात्र वहिनींनी द्यायचं, असं अध्यक्षांनीच कबूल केलं होतं. सरांना आयुष्यभर हुलकावणी देणारा एक जुना प्रश्न वहिनींनी सर गेल्यावर सोडवला होता. सिद्धता तपासायला दिली तीही अध्यक्षांकडेच. अध्यक्ष म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी, वहिनींच्या हातचं जेवून मोठा झालेला, अगदी घरचा. देताना शिक्षकी खोड आडवी आली. तिसऱ्या पायरीचं कारण वहिनींनी मुद्दाम गाळलं. वर्गातही त्या असंच करायच्या. ज्यानं खरंच वाचलं, तो विचारायला येतोच.

अध्यक्ष विचारायला आले नाहीत. "वहिनी, झकास जमलंय," एवढंच म्हणाले. मग निमंत्रणपत्रिका आली, तर वक्ता म्हणून अध्यक्षांचंच नाव. "तुम्हाला कशाला उगाच दगदग? आभार मात्र तुम्हीच मानायचे," असं फोनवर सांगितलं. वहिनींनी तेही गिळलं.

सभागृहात अध्यक्षांनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली. "सरांच्या अप्रकाशित कामातली ही सिद्धता. आज प्रथमच मांडतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती ओळ वहिनींची होती. याला म्हणतात केसानं गळा कापणं. परक्यानं चोरलं असतं तर बोंब तरी ठोकता आली असती. इथे चोरीचा माल त्यांच्याच नवऱ्याच्या खिशात घातला होता. आणि शेजारची बाई त्यांचा हात दाबून म्हणत होती, "भाग्यवान आहात हो."

तिसऱ्या पायरीवर एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला. "ही बेरीज वाढत वाढत अनंताला जात नाही, कशावरून?"

अध्यक्षांनी फळ्याकडे पाहिलं. खडू या हातातून त्या हातात घेतला. म्हणजे बाबानं नीट वाचलंसुद्धा नव्हतं. मग हसून ते पहिल्या रांगेकडे वळले.

"वहिनी, सर यावर कधी काही बोलले होते का?"

वहिनी उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि अध्यक्षांच्या हातून खडू घेतला. उत्तर द्यायचं तर फळ्यापाशी येऊन, खडू हातात घेऊन, हा मंडळाचा रिवाजच होता. उत्तर जेमतेम दोन ओळींचं. लिहिलं की तेही सरांचंच होणार होतं.

"नाही बोलले," त्या म्हणाल्या. "ही सिद्धता माझी आहे. मी ती केली तेव्हा सर जाऊन दोन वर्षं झाली होती."

अध्यक्षांनी हलकेच माइक ओढून घेतला.

"वहिनी भावुक झाल्यात. साहजिक आहे. जरा पाणी द्या त्यांना."

पुढच्या रांगेत दोघीतिघींनी डोळे पुसले. पाणी आलं. वहिनी ते शांतपणे प्यायल्या, खडू जागेवर ठेवला आणि हात झटकले.

"तर मग तिसरी पायरी सरांनाच विचारा," त्या म्हणाल्या, आणि आभार न मानता घरी गेल्या.