काळं ऑइल

दिपेश भोईरच्या गॅरेजमध्ये कोणाचीही गाडी येवो, दिपेश तिच्या पोटात शिरून बसायचा. उल्हासनगर पाच नंबरचे शेठलोक, बदलापूरचे डॉक्टर, अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायट्यांमधले साहेब, सगळे त्याच्याकडे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की लोक दुसरं नावच घेत नसत. आणि त्याच्या आईची गाडी? तीही ऑटोमॅटिकच, वीसेक वर्षं जुनी. ती मोरिवलीत घराच्या दारात उभी असायची, आणि तिच्या गिअरबॉक्सकडे या गड्यानं वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. बोला आता!

बरं, आईनं सांगितलं नव्हतं असंही नाही. ठमाबाई दर दिवाळीला सांगायची.

"बाला, डी टाकला का गाडी जराशी थांबते, मंग ढुशी मारते. बग ना एकदा."

"पुढच्या शुक्रवारी बघतो, आये."

शुक्रवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गॅरेजही जरा मोकळं. पण शुक्रवार उजाडला की कुठले तरी साहेब गाडी घेऊन हजर व्हायचे, आणि आई काय, घरचीच. घरच्यांना कधीही थांबवता येतं, असं आपल्याला उगाचच वाटत असतं.

ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतो, धवलारीण मात्र वेळेवर लागते. मांडव उभारण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत एकेक विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन पुढे नेते, तिच्या आवाजाशिवाय पान हलत नाही. पूर्वी ठमाबाई लग्नघरी जायची ती कोणाच्या तरी टेम्पोत बसून, आणि परत यायची ती कोणाला तरी सवड झाली की. सगळं उरकल्यावर उष्ट्या पत्रावळ्यांशेजारी खुर्ची टाकून ती तासन् तास बसून राहायची, सोडणाऱ्याची वाट बघत. बांधावरून पडून डावा गुडघा गेलेला, म्हणजे चालत निघायचीही सोय नाही.

मग चिखलोलीची जमीन बिल्डरला गेली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, चंदरनं, एक काम झकास केलं. बदली झालेल्या एका कंपनीच्या साहेबाकडून ही गाडी उचलली. हिला क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. शुक्रवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असायचे, तेव्हा चंदर बाजूला बसायचा आणि ठमाबाई चालवायची. शिव्या देत, हसत, एकदा एका कंपनीचं फाटक चेपवून, पण शिकली. चंदर गेला त्यालाही बरीच वर्षं झाली, गाडी राहिली. नऊवारी आवरून, नाकात नथ घालून धवलारीण स्वतः गाडी चालवत मांडवाशी उतरते, हे बघायला पोरं रस्त्यावर यायची. "मना कोनी आनायला नको नि सोडायला नको," हे ती सगळीकडे ठणकावून सांगायची. काय तो तोरा!

या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दिपेशची बाईक पंक्चर झाली, म्हणून तो आईच्या शेजारी बसून उल्हासनगरला गॅरेजकडे निघाला. मोरिवलीच्या नाक्यावर ठमाबाईनं पुढे जायचा डी टाकला. गाडी उभीच. मग एकदम धाडकन पुढे. दुसऱ्या गिअरला इंजिन उगाच किंचाळलं, आणि पुन्हा धक्का. दुसऱ्याची गाडी असती तर त्यानं मालकाला फाडून खाल्लं असतं.

गॅरेजमध्ये जाताच त्यानं गिअरबॉक्सची ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. लालभडक असायला हवं ते ऑइल काळंकुट्ट, आणि वास करपलेल्या वाटणाचा. तो स्वतःवरच इतका चिडला की त्यानं हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांची लाज त्याला एका दिवसात धुऊन काढायची होती. मशीन लावून गिअरबॉक्समधला शेवटचा काळा थेंबसुद्धा बाहेर काढायचा, असं त्यानं ठरवलं.

शेजारचा लच्छूशेठ, ज्यानं त्याला हा धंदा शिकवला, तो दुकानातून उठून आला. बोटावर ऑइल चोळून बघितलं.

"दिपेश, मशीन मत लगा. अंदर की प्लेटें घिस गयी हैं. उनका जो चूरा इस काले तेल में है ना, वही पकड़ दे रहा है. सब साफ करेगा तो फिसलेगी. थोड़ा निकाल, थोड़ा डाल, और भगवान का नाम ले."

हे दिपेशला ठाऊक नव्हतं का? होतं की! गिऱ्हाइकांना तो स्वतः हेच सांगायचा. पण त्या दिवशी आई समोर टायरवर बसली होती, त्याच्याकडे कौतुकानं बघत.

"माझ्या आयेची गाडी आहे शेठ. अर्धवट काम नाही करणार मी."

काळं गेलं, लाल आलं. निघालेलं ऑइल तो ड्रममध्ये ओतणार, तेवढ्यात ठमाबाई म्हणाली, "फेकू नको रं. पडवीच्या खांबांना वाळवी लागलीय." त्यानं कॅन भरून डिकीत ठेवला.

गाडी लोण्यासारखी पळाली. ना थांबणं, ना ढुशी. ठमाबाई हरखून गेली. "मेल्या, यवढासाच काम व्हता तर आधी करायला काय झाला व्हता तुला?" आणि दोघंही खूप हसले.

चारच दिवस गेले असतील. चिखलोलीला लग्न होतं. सकाळी गॅरेज उघडत असतानाच दिपेशचा फोन वाजला.

"बाला, गाडी पुढं जात नाय. इंजिन नुस्ता बोंबलतंय. आर टाकला का मागं जाते, बाकी जागची हलत नाय."

दिपेशनं अर्धवट उघडलेलं शटर तसंच सोडलं. "आये, तू आहेस तिथंच थांब. मी निघालो."

"थांबू कशी? नवरी पाटावर बसलीय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तो पोचला तेव्हा गाडी मांडवाच्या दाराशी होती, पाठ मांडवाकडे करून. पोरं खिदळत होती. "दिपेशदादा, काकी फुल रिव्हर्समध्ये आली! नाक्यापासून इथपर्यंत! एक नंबर!" एकानं मोबाईल पुढे धरला. व्हिडिओत ठमाबाई मान मागे वळवून, एक हात शेजारच्या सीटवर टाकून, ओठ घट्ट मिटून गाडी मागे मागे घेत होती. कडेची माणसं टाळ्या वाजवत होती. दिपेशला ते शेवटपर्यंत बघवलं नाही. आत लाउडस्पीकरवर तिचा आवाज चालू होता, खणखणीत, जसं काही झालंच नाही.

खिशातल्या दुसऱ्या किल्लीनं दार उघडून तो गाडीत बसला. डी टाकून अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन गरजलं, गाडी तसूभर सरकली नाही. पुढे नेणाऱ्या प्लेटांची उरलीसुरली पकड गेली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं धुऊन काढली होती. नवीन प्लेटा टाकाव्यात तर या मॉडेलचं सामान बाजारातून केव्हाच गायब झालेलं.

त्यानं शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "पुराना तेल फेंका क्या?"

"घरी आहे. कॅनमध्ये."

"वापस डाल के देख. पकड़ लिया तो सीज़न निकाल देगी."

चांगलं ऑइल काढून करपलेलं भरायचं! असं उलटं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. पण आता त्याला जगात दुसरं काही नको होतं, ते काळं, घाणेरडं ऑइल तेवढं हवं होतं. बाईक काढून तो सुसाट मोरिवलीला आला.

पडवीचे सगळे खांब वरपासून खालपर्यंत काळे चकचकीत दिसत होते. कॅन मोरीवर उपडा घातला होता, साबणानं घासून. ठमाबाईचं काम कधीच अर्धवट नसे. दिपेशनं खांबावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. तोच वास. एवढा मोठा गडी, पण पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला.

ठमाबाई दुपारी आली ती परक्या गाडीतून. ओटीत नारळ, हाताला हळद.

"नवरीच्या मामानं आनून सोडला," ती म्हणाली. "लय येल वाट बगायला लागली त्याची." मग खांबांकडे बघून, "कसं झालंत? दोन-दोन हात मारलंत मी."

दिपेशनं सगळं सांगितलं, शेठचं बोलणंसुद्धा. काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी पयल्यांदा सांगितला, तवाच बदलला असतास तर?"

"तर काही झालं नसतं, आये. अजून चालली असती."

ठमाबाई दुखरा गुडघा लांब करून त्याच्या शेजारी बसली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कमरेची किल्ली काढली, जरा वेळ नुसती मुठीत धरली आणि त्याच्या हातात दिली.

"तुला नवी घेऊ," तो घाईघाईनं म्हणाला. "ऑटोमॅटिकच. बिनक्लचची. फक्त बटणं जरा वेगळी असतात."

"मना कोन शिकवल? तुझा बापूस बाजूला बसायचा."

"मी बसेन की."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कवा?"

दिपेशनं तोंड उघडलं. "पुढच्या शुक्रवारी" हे शब्द जिभेवर आलेच होते. त्यानं ते गिळले.

ठमाबाईनं जरा वेळ वाट बघितली. मग खांबाला धरून उठली, आणि हळदीच्या हाताला लागलेलं काळं पदराला पुसत आत गेली.