दुपारचा पहारा

ताडकळसला आमच्या आळीतल्या मारुतीसमोर दर साली सप्ता बसतो. सप्ता उठेपर्यंत वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं उभंच राहायचं. रात्री कीर्तनाला मंडप पुरत नाही. मी तर सगळ्यात पुढं, टाळकऱ्यांच्या पायाशी बसलेली असते. पण दुपारी, माणसं रानात गेली की, वीणेपाशी आम्ही चार बायकाच. ती शांत वाजणारी तारही मला कीर्तनाइतकीच गोड लागते.

माझ्यानंतरचा वीणेचा पहारा शेजारच्या धुरपदाबाईचा. नवरी होऊन आली तेव्हापासूनचा. यंदा दिवाळीआधी परभणीला तिचे दोन्ही गुडघे बदलले. लेक बालाजी पुण्याला कंपनीत, म्हणून उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं सुनेनं केलं. सून म्हणजे पिंकी. बाजारात तिचं ब्युटी पार्लर आहे. ते काढलं तेव्हा धुरपदाबाईनं महिनाभर अबोला धरला होता! आता तीच पिंकी रोज मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ लावायची. त्यातली पोरगी इंग्रजीत आकडे मोजायची आणि आमची बाई ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत पाय उचलायची.

सप्ता बसला तशी पिंकी म्हणाली, “आत्याबाई, यंदा पहारा माझा. तुमी खुर्चीवर बसून नाव घ्या.”

“नाव खुर्चीवर घेता येतंय. वीणा न्हाई. ह्या नव्या पायांनी आधी तिथं उभं राहीन, असं मी बोललेय.”

“डॉक्टरला?”

“मारुतीला. डागदरला कशाला इचारू?”

शेवटी तोड निघाली. अर्धा पहारा सासूनं करायचा, मग पिंकीनं येऊन वीणा घ्यायची.

आमच्याकडं रीत अशी आहे की वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तिथं लहानथोर नसतं. माझ्याकडून वीणा घेताना धुरपदाबाई वाकायला लागली, तसा तिचा तोल गेला. मी तिला वरच्यावर धरलं. “राहू दे बाई, हात जोड, पुरे,” म्हटलं. तिनं हात जोडले.

सुरुवातीला ती झकास उभी राहिली. मग पाय थरथरायला लागले. कपाळावर घाम आला. पिंकीचा पत्ता नव्हता.

“लगीनसराई हाय,” आमच्या चौघींतली रेणुका म्हणाली. “पार्लर सोडून येती व्हय ती?”

“आण हिकडं वीणा,” मी म्हटलं.

“न्हाई. माझी सून येते म्हणलीय.” धुरपदाबाईनं खांबाला पाठ लावली, पण वीणा सोडली नाही.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. पिंकी धावतच आली, हाताला सोनेरी चमकी लागलेली. नळावर हातपाय धुतले. “लय उशीर झाला आत्याबाई. हळदीची नवरी बसलीय, एकच डोळा झालाय तिचा.”

ती सासूच्या पाया पडली. सासूनं वीणा तिच्या गळ्यात घातली. आता सासूची पाळी.

“तुमी नुसते हात जोडा,” पिंकी म्हणाली.

“त्या ओट्यावर चढ.”

“काय?”

“मला वाकता येईना. तू वर चढ, मंग तुझे पाय माझ्या हाताला येतेत.”

पिंकी लाजेनं लालेलाल झाली. “देवळात, समद्यांच्या म्होरं, सासू खाली अन् मी वर?”

“येडे, मी वीणेच्या पाया पडायलेय, तुझ्या न्हाई. चढ!”

रेणुकानं आणि मी पिंकीला धरून भिंतीलगतच्या मांडीएवढ्या उंच ओट्यावर चढवलं. धुरपदाबाईनं तिच्या पावलांवर दोन्ही हात ठेवले, मग कपाळ टेकलं. बराच वेळ ते तिथंच होतं. उठताना हळूच म्हणाली, “थोडं तुझ्याबी पडले.”

पिंकीला डोळे पुसता येईनात, हात वीणेवर होते. मीच पदरानं पुसले. माझे राहून गेले. कीर्तनात महाराज समजावून सांगतात ते त्या दुपारी मला न सांगता कळलं. पांडुरंगानं मला ती दुपार दाखवली, याहून काय मागू?

पिंकी खाली उतरून पहाऱ्याला उभी राहिली, धुरपदाबाई खुर्चीवर बसली, आणि पिंकीच्या पर्समधला फोन वाजायला लागला, पार्लरमधून. तो सासूनंच उचलला.

“पिंकी पहाऱ्यावर हाय. नवरीला म्हणावं, घाई असंल तर हितंच ये. दर्शनबी होईल.”

आणि नवरी खरंच आली, एक डोळा रंगवलेला, एक साधा. आधी मारुतीच्या पाया पडली, मग वीणा गळ्यात असलेल्या आपल्या पार्लरवालीच्या.