बोटभर लोणी

"काय खाल्लंय हिनं?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

अकरा महिन्यांची प्राप्ती आईच्या मांडीवर खोकत होती. ओठ सुजले होते, गालांपासून पोटापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या.

"मऊ भात आणि मुगाचं वरण," कल्पिता म्हणाली. "दुधाचं काही नाही, डॉक्टर. तिला चालत नाही म्हणून मी स्वतःसुद्धा..."

"लोनी," दाराशी उभी असलेली तिची सासू सगुणा म्हणाली. "भातात मी लोनी घातलं. बोटभर."

कल्पितानं मान वळवून सगुणाकडे पाहिलं. डॉक्टरांना तेवढा वेळ नव्हता. त्यांनी प्राप्तीच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि गाडी बोलवायला सांगितलं. तो दिवस आणि ती रात्र मायलेकी अलिबागच्या दवाखान्यात राहिल्या. दुसऱ्या दिवशी प्राप्ती हसायला लागली, पण दोघी चौलच्या घरी परतल्या नाहीत.

"तिला नागावला माझ्या आईकडे ठेवते," कल्पितानं फोनवर सांगितलं. "तिथूनच शाळेत जाईन." रेवदंड्याच्या शाळेत ती कारकून होती.

"बरं," सगुणा म्हणाली.

नवरा गेल्यापासून तिनं दोन म्हशींवर संसार ओढला होता. तीस वर्षं पहाटे उठून चौलात घरोघरी दूध घातलं, मुलाला, हर्षदला, शिकवलं. गावातली कितीतरी पोरं तिच्या दुधावर वाढली होती. त्यामुळे प्राप्तीला सहाव्या महिन्यात आजोळी पिशवीतल्या गाईच्या दुधाच्या पहिल्याच चमच्याला पुरळ उठलं, तेव्हा सगुणानं मनाशी ठरवून टाकलं, की दोष पिशवीतल्या दुधाचा. डॉक्टर म्हणाले, दूध, दही, तूप सगळं बंद. तिनं मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. नातीची मनगटं तिला काडीसारखी दिसायची. घरात ताजं लोणी असताना पोरीनं कोरडा भात खावा, हे तिला बघवेना.

शनिवारी हर्षद उरणहून आला; तिथं तो कंटेनरचा ट्रक चालवायचा. सगळं ऐकून म्हणाला, "आये, म्हशी काढून टाकू आता."

त्याचा फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे कल्पिता ऐकत होती. ती म्हणाली, "म्हशींनी काय केलं?" आणि फोन ठेवला.

ते वाक्य सगुणाला शिवीपेक्षा जास्त लागलं. सोमवारी दूध घालून झाल्यावर ती एकटीच एसटीनं अलिबागला गेली आणि बालरोगतज्ज्ञांच्या दारात बाकावर बसून राहिली. आत गेल्यावर तिनं सरळ विचारलं, "माज्या म्हशीचं दूध घरचं हाय. त्यात पानी न्हाय, पावडर न्हाय. तरी का?"

"पाण्याचा, पावडरीचा प्रश्नच नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध चांगलंच आहे. तिच्या अंगाला ते शत्रू वाटतं. गाईचं काय, म्हशीचं काय, तिला सारखंच."

"मोठी झाली की जाईल?"

"बऱ्याच मुलांचं जातं. पण कधी द्यायचं ते आम्ही तपासून सांगू. घरी करून बघायचं नाही."

सगुणा आपल्या तळहातांकडे बघत होती. धार काढून काढून बोटांची पेरं जाड झाली होती. "मंग माज्या हातानं ती कंदीच न्हाय का जेवायची?"

"जेवेल की. साबणानं हात धुवा. तिची भांडी, चमचा वेगळा ठेवा. धारेची साडी बदलून तिला घ्या. आणि दूध प्यायला असाल तर तोंड धुतल्याशिवाय पापा घेऊ नका."

सगुणानं ते सगळं पाठ करत घर गाठलं. गोठ्यातच एक दोरी बांधून धारेची साडी तिथं टांगली. नवं पातेलं, वाटी आणि चमचा आणून वरच्या फळीवर ठेवला. नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून गूळ घालून बघितलं, पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा जमलं. मग फोन केला.

"कल्पिता, माजं चुकलं गो. मी तुजं आयकलं न्हाय, आनि तुला न सांगता दिलं. तू ये, सगलं बघ. न्हाय पटलं तर परत जा."

कल्पिता पंधरा दिवसांनी आली. फळी बघितली, नाचणीच्या सत्त्वाची बरणी उघडून वास घेतला, दुधाच्या बिस्किटांचा पुडा कुठे ठेवता ते विचारलं. ती राहिली. पण नोकरीवर निघताना प्राप्तीला शेजारच्या शकूवहिनीकडे देऊन जायची, आणि सगुणा भरवायला बसली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. 

दत्तजयंतीला तिघी जत्रेला गेल्या. डोंगरावरच्या देवळाला पायऱ्या फार, सगुणाचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून ती खालीच बसणार होती. कल्पिता प्राप्तीला कडेवर घेऊन चपला काढत होती. तेवढ्यात दर्शन करून उतरलेली गोदू, सगुणाचं जुनं गिऱ्हाईक, पेढ्याचा तुकडा घेऊन पुढे झाली. "अगो बाय, केवढी झाली! आ कर, देवाचा परसाद हाय."

सगुणानं मधेच तिचं मनगट धरलं. "तिला न्हाय चालत."

"कनभर गो! देवाचं कुनाला बाधत न्हाय."

"बाधतं. मीच दिलं व्हतं एकदा. मरता मरता वाचली."

आजूबाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. गोदू ओशाळली. "मंग तू तरी खा."

सगुणानं पेढा कपाळाला लावला आणि परत तिच्या हातावर ठेवला. "मी खाल्ला तर हिचा पापा घेता यायचा न्हाय."

 कल्पितानं प्राप्तीला कडेवरून उतरवून सासूच्या मांडीवर दिलं, खाऊच्या डब्याची पिशवी शेजारी ठेवली, पदर खोचला आणि पायऱ्या चढू लागली. पहिल्या वळणापर्यंत सगुणा तिच्याकडे बघत राहिली. कल्पितानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.